घरच्या बागेतला वनस्पतींचा चहा: काय उकळावे, काय झाकून ठेवावे, काय नुसते भिजवावे

गवती चहा, तुळस, पुदिना, जास्वंद, गोकर्ण, मोगरा यांपैकी चार-पाच झाडे सोलापुरातल्या बहुतेक घरांच्या अंगणात, गच्चीत किंवा निदान जिन्याजवळच्या कुंड्यांत सापडतात. घरात कुणाला सर्दी-पडसे झाले की यांतले हाताला लागेल ते एका पातेल्यात टाकायचे आणि पाणी निम्मे होईपर्यंत गॅसवर ठेवायचे, ही रीतही घरोघरी जवळपास सारखीच आहे. त्यातून जे तयार होते ते तपकिरी, कडवट आणि सुवास उडून गेलेले असते. मुले ते नाक दाबून पितात आणि मोठी माणसे औषध म्हणून गिळतात. वास्तविक याच झाडांपासून रोज आवडीने प्यावे असे पेय तयार होऊ शकते. त्यासाठी वनस्पतीच्या कोणत्या भागात काय साठलेले असते आणि ते पाण्यात उतरवायला किती उष्णता व किती वेळ लागतो, एवढे नीट समजून घ्यावे लागते. पान, फूल, बी आणि मूळ यांची या बाबतीतली गरज इतकी वेगवेगळी आहे की त्यांना एकदम एकाच पातेल्यात टाकले, तर त्यांतल्या एखाद्याचे तरी नुकसान ठरलेलेच असते.

सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. ज्याला आपण रोज चहा म्हणतो, तो कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाच्या पानांचा असतो. काळा, हिरवा, पांढरा हे सारे प्रकार त्याच पानांवरच्या वेगवेगळ्या प्रक्रियांतून येतात आणि त्या सर्वांत कॅफिन असते. या लेखातल्या वनस्पतींचा त्या झाडाशी काही संबंध नाही. तुळस, पुदिना, गवती चहा, अंबाडी यांत कॅफिन नसल्यामुळे त्यांचा चहा रात्री जेवणानंतर घेतला तरी झोप उडत नाही. मात्र सकाळच्या चहाची तल्लफही त्यांनी भागत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

सुगंध कुठे असतो आणि कसा निसटतो

तुळशीच्या किंवा पुदिन्याच्या पानाला नुसता हात लागला तरी वास येतो, पण गवती चहाच्या पात्याला ते कापल्याशिवाय किंवा चुरगाळल्याशिवाय फारसा वास नसतो. तुळस आणि पुदिना या एकाच कुळातल्या वनस्पती आहेत आणि त्यांचे सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म ग्रंथींत साठलेले असते. पुदिन्याच्या पानाची खालची बाजू भिंगातून पाहिली, तर या ग्रंथी बारीक चकचकीत ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यांचे आवरण इतके पातळ असते की हलक्या स्पर्शानेही ते फुटते. गवती चहाचे तेल मात्र पात्याच्या आतल्या पेशींत असते, आल्याचे गड्ड्याच्या आत असते आणि बडीशेप, धने, जिरे यांचे तेल दाण्याच्या सालीतल्या बारीक नलिकांत बंद असते. म्हणून तुळस-पुदिन्याची पाने हाताने दोन तुकडे करून टाकली तरी पुरतात, गवती चहा कात्रीने अर्ध्या-अर्ध्या इंचाचा कापावा लागतो, आले ठेचावे लागते आणि बडीशेप ऐनवेळी खलबत्त्यात भरड कुटावी लागते. आठवडाभर आधी कुटून ठेवलेली बडीशेप आपला बराचसा सुगंध डब्यातच गमावते.

हे तेल पाण्याबरोबर फार सहज उडून जाते. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रल या घटकामुळे. सिट्रलचा स्वतःचा उत्कलनबिंदू २०० अंश सेल्सिअसच्या वर आहे, तरीही पाण्याच्या वाफेबरोबर ते शंभर अंशांच्या आतच बाहेर पडते. गवती चहाचे तेल काढणारे कारखाने याच गुणाचा उपयोग करतात. ते पात्यांमधून वाफ सोडतात, ती वाफ थंड करतात आणि पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे काढून घेतात. आपण उघड्या पातेल्यात पाने उकळतो तेव्हा नेमके हेच घडत असते, फक्त थंड करून पकडायची सोय नसल्याने तेल हवेत निघून जाते. घरभर वास सुटला की चहा छान झाला असे आपण समजतो. प्रत्यक्षात जेवढा वास घरभर पसरला, तेवढा तो कपातून कमी झालेला असतो.

यावरचा उपाय म्हणजे झाकण. घट्ट बसणाऱ्या झाकणाखाली पाने सहा-सात मिनिटे ठेवली आणि मग झाकण उचलले, तर त्याच्या आतल्या बाजूला थेंबांची दाट जाळी जमलेली दिसते. हे थेंब बेसिनमध्ये झटकू नयेत; झाकण भांड्यावरच तिरपे धरून ते आत ओघळू द्यावेत. त्यातला एक थेंब बोटावर घेऊन हुंगून पाहिला, तर तो साध्या पाण्याचा नाही हे लगेच कळते, कारण खालच्या चहापेक्षाही त्याला वास अधिक असतो.

पानांत सुगंधी तेलाबरोबर टॅनिनसारखे तुरट घटकही असतात. ते सावकाश उतरतात आणि जितके जास्त उकळावे तितके जास्त उतरत राहतात. म्हणजे वेळ वाढवत नेला की सुगंध कमी होत जातो आणि तुरटपणा व कडवटपणा वाढत जातो. निम्मे आटवलेल्या तुळशीच्या पाण्याची जी चव आपल्या ओळखीची आहे, ती या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्यामुळे आलेली असते.

फांट, काढा आणि हिम

आयुर्वेदाने वनस्पतीतून गुण उतरवण्याच्या पाच मूलभूत पद्धती सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. यांतल्या पहिल्या दोन, म्हणजे पिळून काढलेला रस आणि वाटलेली चटणीसारखी गोळी, यांचा इथे संबंध नाही. उरलेल्या तीन मात्र चहासाठी अगदी नेमक्या लागू पडतात. क्वाथ म्हणजे आपला काढा. त्यात द्रव्याच्या सोळा पट पाणी घेऊन ते एक अष्टमांश उरेपर्यंत आटवायला सांगितले आहे. फांटासाठी चौपट गरम पाणी द्रव्यावर ओतून झाकून ठेवायचे आणि गाळायचे. हिमासाठी सहा पट थंड पाण्यात द्रव्य रात्रभर भिजवून सकाळी गाळायचे. ही प्रमाणे औषधाची असल्यामुळे बरीच तीव्र आहेत आणि रोजच्या पेयासाठी ती जशीच्या तशी वापरू नयेत. पण कडक भागांना उकळी, कोमल व सुगंधी भागांना नुसते गरम पाणी आणि अतिनाजूक फुलांना व काही मुळांना थंड पाणी, हा विवेक त्यात आहे आणि तो आजच्या रसायनशास्त्राशी पूर्णपणे जुळतो.

पेयासाठीचे प्रमाण साधे आहे. दोनशे मिलिलिटरच्या एका कपाला चिरलेली ताजी पाने दोन पोह्याचे चमचे किंवा वाळलेली पाने एक चहाचा चमचा एवढी पुरतात. ताज्या पानाच्या वजनात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते, म्हणून वाळलेल्या पानांचे माप नेहमी ताज्याच्या साधारण एक तृतीयांश धरावे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी शंभराऐवजी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते, परंतु चहाच्या दृष्टीने हा फरक नगण्य आहे. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करावा, अर्धा मिनिट थांबावे आणि मग ते पानांवर ओतावे.

सगळे एकाच पातेल्यात करायचे असेल तर क्रम पाळला म्हणजे झाले. दोन कपांसाठी साधारण साडेचारशे मिलिलिटर पाणी घ्यावे. त्यात इंचभर आले ठेचून टाकावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे उकळू द्यावे. मग कापलेल्या गवती चहाची तीन-चार पाती घालून आणखी दोन मिनिटे ठेवावे. त्यानंतर गॅस बंद करावा आणि शेवटी तुळशीची आठ-दहा व पुदिन्याची पाच-सहा पाने टाकून पाच मिनिटे घट्ट झाकून ठेवावे. याच जिनसा याच प्रमाणात पण एकदम उकळून केलेला काढा शेजारी ठेवून चव घेतली, तर दोन वेगळी पेये असल्याइतका फरक जाणवतो. ज्यांना घरच्या वनस्पतींचा चहा आवडत नाही, त्यांनी एकदा तरी हा क्रम पाळून पाहावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

यांतल्या आले, तुळस आणि पुदिना या तिघांबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या घटकामुळे असतो. आले वाळले की त्याचे रूपांतर शोगाओलमध्ये होते आणि ते जास्त झणझणीत असते. म्हणून आल्याऐवजी सुंठ वापरायची झाल्यास ती चिमूटभरच पुरते. तुळशीत युजेनॉल असते, जे लवंगेतही मुख्य असते, त्यामुळे तुळशीच्या चहात लवंग घातली की एकच वास दुप्पट होतो आणि बाकीचे सारे दबून जाते. माझ्या मते या दोन गोष्टी एकत्र घालूच नयेत. पुदिन्याच्या बाबतीत अनेकांचा अपेक्षाभंग होतो. विकतच्या पेपरमिंट चहाने तोंडात जो थंडावा येतो, तो मेंथॉलचा असतो, तर सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत मिळणारी पुदिन्याची जुडी बहुधा स्पिअरमिंट जातीची असते आणि तिच्यात मुख्यतः कार्व्होन असते. तिचा चहा गोडसर व सौम्य लागतो, थंडगार लागत नाही. ती जुडी निकृष्ट असते असे नाही. तिची जात वेगळी असते एवढेच.

एप्रिल-मे महिन्यांत, पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असताना, गरम चहाची इच्छा कुणालाच होत नाही. सोलापूरच्या या दिवसांसाठी हिम ही पद्धत सर्वांत योग्य आहे आणि तिच्यासाठी वाळा, मोगरा व गावठी गुलाब हे तिन्ही उत्तम आहेत. वाळ्याची मुळे स्वच्छ धुऊन, मलमलच्या फडक्यात सैल बांधून, माठातल्या पाण्यात सोडण्याची आपली जुनी रीत म्हणजे हिमच आहे. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळनंतर उमलतात आणि रात्री त्यांचा सुगंध सर्वाधिक असतो, त्यामुळे उमलू लागलेल्या सात-आठ कळ्या संध्याकाळी धुऊन लिटरभर पाण्यात सोडाव्यात, भांडे झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि सकाळी फुले काढून टाकावीत. फुले दिवसभर पाण्यातच राहिली तर पाकळ्या तपकिरी पडतात आणि पाण्याला कुजकट छटा येते. थंड पाण्यात जंतू मरत नाहीत, म्हणून पाणी आधी उकळून गार केलेले किंवा गाळणयंत्रातले असावे आणि पेय एका दिवसात संपवावे.

उन्हात काचेची बरणी ठेवून चहा करण्याची एक पद्धत अलीकडे बरीच दिसते. सोलापूरचे ऊन पाहता ती सोयीची वाटणे साहजिक आहे, पण ती टाळावी. बरणीतले पाणी तासन् तास जेमतेम हात सोसेल इतपत गरम राहते. त्या उष्णतेत जंतू मरत नाहीत, उलट वाढतात.

फुले, रंग आणि सोलापूरचे पाणी

फुलांचा चहा करताना सुगंधाइतकाच रंग महत्त्वाचा असतो आणि इथे पाण्याचा प्रश्न येतो. गोकर्णाचा निळा, जास्वंदीचा लाल आणि अंबाडीचा गडद किरमिजी, हे तिन्ही रंग अँथोसायनिन या एकाच गटातल्या रंगद्रव्यांचे आहेत. ही द्रव्ये आम्लात लालसर होतात आणि पाणी अल्कधर्मी होत जाईल तशी जांभळी, निळी आणि शेवटी मळकट हिरवट होत जातात. निळ्या गोकर्णाच्या चहात लिंबू पिळताच तो जांभळा-गुलाबी होतो, यात जादू काही नाही. शाळेतला लिटमस कागद ज्या तत्त्वावर रंग बदलतो तेच तत्त्व इथे आहे.

आता पाण्याकडे पाहू. दख्खनच्या काळ्या कातळातून येणारे बोअरचे पाणी सहसा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरेच विरघळलेले असतात. साबणाला फेस न येणे आणि पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला पांढरा थर बसणे या त्याच्या ओळखीच्या खुणा आहेत. या पाण्यातले बायकार्बोनेट त्याला किंचित अल्कधर्मी करतात. ज्या सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि मधले दिवस अनेक घरे बोअरवर काढतात, तिथे आज जास्वंदीचा चहा लाल आणि चार दिवसांनी तोच राखट जांभळा झाला, तर फुलांना दोष देण्यात अर्थ नाही. दोन पेल्यांत जास्वंदीच्या सारख्याच पाकळ्या घालून एकात बोअरचे आणि दुसऱ्यात गाळणयंत्राचे गरम पाणी ओतले, तर दोन-तीन मिनिटांत हा फरक डोळ्यांना दिसतो. जड पाण्यातल्या चहावर पातळ तवंगही येतो. कॅल्शियम आणि वनस्पतीतले पॉलिफेनॉल, म्हणजे टॅनिनसारखे घटक, एकत्र येऊन तो तयार होतो. जड पाणीच वापरावे लागत असेल तर ते आधी पाच मिनिटे उकळावे, गार होऊन गाळ तळाशी बसू द्यावा आणि वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा बराच कमी होतो, कारण ते क्षार खडूसारख्या चुऱ्याच्या रूपात खाली बसतात.

गोकर्णाच्या चहाला स्वतःची चव जवळजवळ नसते. कपाला पाच-सहा फुले पुरतात, पण त्यांच्या जोडीला गवती चहा हवाच. फुलाचा हिरवा देठाकडचा भाग काढून फक्त पाकळ्या घ्याव्यात; या वेलीच्या बिया आणि मूळ रेचक असल्याने त्यांना हात लावू नये. जास्वंदीचा देठ आणि मधला लांब परागदांडाही काढून टाकावा. तिच्या पाकळ्यांत चिकट द्रव असतो, म्हणून चहा किंचित बुळबुळीत लागतो, आणि तो तसाच असतो.

आंबट लाल चहासाठी मात्र जास्वंद नव्हे तर अंबाडी लागते, आणि याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण सोलापूरकरांना ही वनस्पती भाजी म्हणून पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तिला पुंटीकूर म्हणतात, कन्नड घरांत पुंडी म्हणतात, आणि मराठी घरांत ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी भाकरीबरोबर होतेच. जगभर हिबिस्कस टी या नावाने जे किरमिजी पेय विकले जाते, ते याच अंबाडीच्या लाल बोंडांचे असते, दारातल्या जास्वंदीचे नसते. दोन्ही एकाच वंशातल्या असल्यामुळे नावाचा घोटाळा होतो आणि लोक जास्वंदीची फुले उकळून आंबटपणाची वाट पाहत बसतात.

अंबाडीचे फूल एकच दिवस टिकते. ते गळून गेल्यावर त्याखालचा हिरवा-लाल पुष्पकोश फुगू लागतो आणि साधारण तीन आठवड्यांत तो गडद लाल, मांसल व रसरशीत होतो. हेच बोंड. ते चावून पाहिले तर कैरीसारखे आंबट लागते आणि दातांखाली कचकन तुटते. त्याच्या पोटात बियांची हिरवी कुपी असते. बोंडाचा बूड सुरीने गोल कापून ती कुपी खालून वर ढकलली की सलग बाहेर येते आणि हातात लाल पाकळ्यांची पोकळ घंटा उरते. ताज्या बोंडांच्या अशा तीन-चार घंटा किंवा वाळलेल्यांचा एक चहाचा चमचा एका कपाला पुरतो. गरम पाणी ओतून सहा-सात मिनिटे झाकून ठेवले की रंग व आंबटपणा दोन्ही उतरतात. उन्हाळ्यासाठी हीच बोंडे रात्रभर फ्रिजमध्ये थंड पाण्यात ठेवली, तर चहा कमी तुरट होतो आणि गूळ किंवा खडीसाखरही कमी लागते. अंबाडीच्या चहात दूध घालू नये, ते लगेच फाटते. तसेच तो कल्हई नसलेल्या पितळ-तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नये. आंबट पदार्थ अशा भांड्यात कळकतो. स्टील, काच किंवा चिनी माती उत्तम.

खुडणे, वाळवणे, साठवणे

पाने सकाळी, दव सुकल्यावर पण ऊन चढण्यापूर्वी खुडावीत. तुळस व पुदिन्याला फुलोरा येण्याआधीची कोवळी पाने सर्वांत चांगली असतात, म्हणून तुळशीच्या मंजिऱ्या वेळोवेळी खुडत राहाव्यात. त्याने झाडही दाट होते. ओली पाने चुरगळली की काळी पडतात, त्यामुळे धुतल्यावर ती आधी कापडावर पसरून पाणी निथळू द्यावे.

कडक ऊन असते म्हणून पाने गच्चीवर टाकण्याचा मोह सोलापुरात सर्वांनाच होतो. पापड-कुरडयांना ते ऊन चांगले, पानांना नाही. उन्हाने पानांचा हिरवा रंग उडतो आणि ज्या तेलासाठी आपण हा खटाटोप करतो तेच हवेत जाते. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की घरातल्या सावलीत, पंख्याखाली, स्वच्छ सुती कापडावर एकेरी थरात पसरलेली तुळस दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होते. टेरी टॉवेल मात्र वापरू नये, त्याचे धागे पानांना चिकटतात. अंबाडीची बोंडे मांसल असल्यामुळे त्यांना जास्त दिवस लागतात आणि त्यांना थोडे ऊन दिले तरी चालते, कारण त्यांत जपण्यासारखे सुगंधी तेल फारसे नसते. जुलै ते सप्टेंबर हे दमट महिने वाळवणासाठी टाळावेत. त्या दिवसांत पाने ताजीच वापरावीत.

देठ वाकवला असता कट्कन मोडला पाहिजे आणि पान बोटांत चुरले पाहिजे, ही वाळल्याची खूण. तरीही खात्रीसाठी पाने काचेच्या कोरड्या बरणीत भरून एक दिवस बंद ठेवावीत. आतल्या काचेवर बाष्प दिसले तर ती पुन्हा पसरावीत, कारण तेवढ्या ओलीत बुरशी येते. आणि बुरशी आलेली बरणी वरवर साफ करून वापरू नये, सगळी टाकून द्यावी. पाने अख्खीच साठवावीत आणि चहा करताना चुरावीत. बरणी गॅसजवळच्या फळीवर न ठेवता अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवली तर सहा महिने ते वर्षभर वास टिकतो.

काय घालू नये आणि कुणी जपावे

बाजारातली फुले चहासाठी वापरू नयेत. हार-गजऱ्यांसाठी पिकवलेल्या गुलाब, शेवंती, झेंडूवर खाण्याच्या पिकांसारखे बंधन न पाळता कीटकनाशके फवारली जाऊ शकतात, आणि देवाला वाहिलेली फुले घरी आणून वाळवण्याचा विचारही करू नये. रस्त्याच्या कडेची पाने धूळ आणि धुरासाठी वर्ज्य समजावीत. स्वतःच्या झाडांवर फवारणी केली असेल तर त्या औषधाच्या वेष्टनावर दिलेला काळ उलटून जाईपर्यंत पाने खुडू नयेत.

कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, रुई आणि घाणेरी ही झाडे विषारी आहेत. कण्हेरीचे दोन्ही प्रकार थेट हृदयावर परिणाम करतात. सदाफुलीबद्दल विशेष काळजीने सांगावेसे वाटते, कारण मधुमेहासाठी तिची पाने-फुले उकळून पिणारी माणसे आजही भेटतात. या झाडातून व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरची अतितीव्र औषधे मिळवली जातात; पेशींचे विभाजन रोखणारी अशी द्रव्ये असलेले झाड घरच्या पातेल्यात मोजमापाविना उकळण्याचे कारण नाही. गुळवेलही आलटून-पालटून, बेताने आणि वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावी. कोविडच्या काळात ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने हा दोष खऱ्या गुळवेलीचा असल्याचे मान्य केले नाही. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही आहेत, एवढे कारणसुद्धा जपून राहायला पुरेसे आहे.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर अंबाडीचा चहा रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यानेही रक्तदाब काहीसा उतरू शकतो. ज्येष्ठमधाचे उलट आहे. तो फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आले व कॅमोमाइल (शेवंतीसारख्या छोट्या फुलांची परदेशी वनस्पती) मर्यादेतच ठेवावे. कॅमोमाइल, शेवंती, झेंडू हे गाजर गवताच्याच कुळातले असल्यामुळे, गाजर गवताची ॲलर्जी असणाऱ्यांना त्यांचाही त्रास होऊ शकतो. गर्भवती स्त्रियांनी आणि गर्भधारणेची इच्छा असलेल्यांनी जास्वंद व अंबाडी टाळावी, आणि बाकीचे डॉक्टरांना विचारून घ्यावे. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवणाबरोबर कोणताच चहा घेऊ नये; या वनस्पतींतले पॉलिफेनॉलही अन्नातले लोह शोषले जाऊ देत नाहीत, म्हणून मध्ये तासाभराचे अंतर असावे. एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेले काहीही देऊ नये.

लागवडीचे वेळापत्रक

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी गवती चहा लावावा. कुणाकडून तरी मुळासकट एक ठोंब आणून पावसाळ्यात लावला की तो वर्षभरात मोठा होतो, आणि पाणी मिळत राहिले तर सोलापूरचे ऊन त्याला मानवते. पुदिन्यासाठी बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवून मुळे फुटू द्याव्यात. त्याला मात्र दुपारची सावली लागते, आणि एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी बांधावी लागते. कुंडीत निव्वळ काळी माती भरू नये. ती ओली असताना पाणी धरून बसते आणि सुकली की तडकते, म्हणून तिच्यात निम्म्याच्या आसपास शेणखत व जाड वाळू मिसळावी. गोकर्णाचे बी रात्रभर भिजवून पेरावे.

अंबाडी जून-जुलैत पेरावी आणि बी घेताना लाल बोंडांच्या जातीचेच मागावे, कारण भाजीच्या हिरव्या जातीला रंगीत बोंडे येत नाहीत. दिवस लहान होऊ लागले की तिला फुले येतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बोंडे काढणीला येतात; तेव्हा हवाही कोरडी असते, त्यामुळे वाळवण सोपे जाते. आपल्याला हवी तेवढी बोंडे काढल्यावर तीन-चार बोंडे झाडावरच पूर्ण सुकू द्यावीत. त्यांतले बी कागदी पाकिटात घालून ठेवले की पुढच्या जूनच्या पेरणीला विकत आणावे लागत नाही.